पांढऱ्या मांजराच्या कानाची कड

पांढऱ्या मांजराला मांडीवर घ्या आणि त्याचा कान उजेडासमोर धरा. टोकाकडे केस इतके विरळ असतात की आतल्या लाल शिरा आरपार दिसतात. आता त्या कडेवरून हळूच बोट फिरवा. निरोगी कड विड्याच्या कोवळ्या पानासारखी पातळ आणि गुळगुळीत लागते. ऊन बाधलेली कड आधी नुसती लालसर दिसते. मग तिथले उरलेसुरले केसही गळतात आणि बारीक कोंडा सुटायला लागतो. पुढे कड किंचित मुडपते, बोटाला खरखरीत लागते. त्यानंतर खपली धरते, ती निघून थेंबभर रक्त येतं, पुन्हा खपली धरते. हे सगळं व्हायला काही वर्षं जातात, आणि तेवढ्या काळात घरातल्यांचा अंदाज बहुधा एकच असतो: बाहेरच्या बोक्याशी मारामारी झाली असणार.

मारामारीतली जखम दहा-पंधरा दिवसांत भरते. त्याच जागी पुन्हा पुन्हा येणारी खपली म्हणजे बहुधा उन्हाने बिघडलेली कातडी. तिच्याकडे दुर्लक्ष झालं की त्यातूनच स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोग उभा राहू शकतो. त्यातल्या त्यात बरी गोष्ट अशी की हा कर्करोग लपून येत नाही. तो डोळ्यांसमोरच्या जागी येतो, येण्याआधी बराच काळ खुणा दाखवतो आणि पुष्कळसा टाळता येतो. म्हणून त्याच्याकडे वेळेवर बघणं माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे.

धोका कोणाला, हे ओळखायला जात बघू नका, कातडीचा रंग बघा. केस बाजूला सारल्यावर खाली गुलाबी कातडी दिसली आणि तिथे केस विरळ असले, तर ती जागा उघडी आहे असं समजायचं. मांजरात अशा जागा ठरलेल्या आहेत: कानांची टोकं, नाकाचा शेंडा, पापण्यांच्या कडा आणि डोळा व कान यांच्या मधला विरळ केसांचा पट्टा. कॅलिफोर्नियात झालेल्या आणि १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पांढऱ्या मांजरांना हा कर्करोग होण्याचा धोका इतर मांजरांच्या सुमारे १३ पट आढळला होता. पण मांजर पूर्ण पांढरं असलं पाहिजे असं नाही. पाठ काळी आणि कान पांढरे, नाक गुलाबी, अशी कबरी मांजरंही याच यादीत येतात. उलट सयामी मांजराचे कान आणि नाक गडद असल्यामुळे त्याला बरंच संरक्षण मिळतं.

कुत्र्यांत जागा वेगळ्या. पोट, जांघा आणि मांड्यांची आतली बाजू, कारण तिथे केस जवळजवळ नसतातच. डाल्मेशियन, पांढरे बुल टेरियर आणि पिटबुल, पांढऱ्या अंगाचे बॉक्सर, बीगल, व्हिपेट ही नेहमीची नावं. आपल्याकडे त्यात गुलाबी नाकाचा पांढरा राजापलयम आणि पांढऱ्या पोटाची, आखूड केसांची कितीतरी गावठी कुत्री धरायला हवीत. पांढरा पॉमेरेनियन मात्र दिसायला पांढरा असला तरी नाक काळं आणि केस दाट, त्यामुळे त्याची काळजी कमी. काही कुत्र्यांना उताणं किंवा एका कुशीवर उन्हात पडायची सवय असते. अशा कुत्र्याची वरची कूस खालच्या कुशीपेक्षा जास्त खराब झालेली दिसते.

कुत्र्याच्या पोटाची तपासणी डोळ्यांपेक्षा हाताने चांगली होते. ठिपकेवाल्या कुत्र्याला उताणं झोपवा, डोळे मिटा आणि तळहात फिरवा. ऊन बाधलेल्या पोटावर काळे ठिपके मऊ लागतात आणि मधली गुलाबी कातडी जाड, चिवट, कधी बारीक गाठींची लागते. एकाच पोटावर चार बोटांच्या अंतरात हा फरक कळतो, कारण काळ्या ठिपक्यातल्या मेलॅनिन या रंगद्रव्याने खालच्या पेशी राखलेल्या असतात. याच पोटावर लाल-जांभळा, रक्ताच्या फोडासारखा बारीक ठिपका उठला तर तो गोचीड समजून ओढू नका. गोचिडीला पाय असतात आणि नखाने ढोसली की ती हलते. न हलणारा, कातडीतच रुतलेला, जरा खरचटलं की रक्त येणारा ठिपका हा रक्तवाहिन्यांच्या गाठीचा प्रकार असू शकतो. त्यातला वाईट प्रकार म्हणजे हेमांजिओसार्कोमा. तो कातडीच्या वरच्या थरापुरता असताना काढला तर निकाल चांगला लागतो, कातडीखाली उतरला की गणित बदलतं.

आता एका समजुतीबद्दल, कारण तिच्यामुळे नुकसान होताना दिसतं. पिल्लाची हाडं मजबूत व्हावीत म्हणून त्याला रोज उन्हात बसवायचं, असं बरेच जण मनापासून करतात. माणसाच्या बाळाला कोवळं ऊन दाखवतात तसं. पण कुत्र्या-मांजरांच्या कातडीत उन्हापासून ड जीवनसत्त्व पुरेसं तयारच होत नाही. त्यांना ते खाण्यातून मिळतं. म्हणजे उन्हात बसवून हाडांना काही मिळत नाही. मांजराला ऊन आवडतं ते उबेसाठी, आणि ऊब आपण दुसऱ्या मार्गाने देऊ शकतो.

वेळेचा हिशेब महाराष्ट्रात जरा नीट समजून घ्यावा लागतो. सूर्य आपल्या डोक्यावर वर्षातून दोनदा येतो. शून्य सावलीचा पहिला दिवस कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्या-मुंबईत मेच्या मध्याला आणि नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात असतो. या दिवसांत निरभ्र दुपारी यूव्ही इंडेक्स (उन्हातली अतिनील किरणं किती तीव्र आहेत ते सांगणारा आकडा) ११ च्या वर म्हणजे ‘अतितीव्र’ पट्ट्यात जातो. शिवाय घड्याळातले १२ म्हणजे सूर्याचे १२ नव्हेत. मुंबईत मे महिन्यात सूर्य सर्वांत उंच येतो तो साधारण १२ वाजून ३५ मिनिटांनी, नागपुरात १२ वाजून १० मिनिटांनी. त्यामुळे मुंबई-कोकणात ‘सकाळी १० ते दुपारी ४’ ही वेळ अगदी काटेकोर पाळावी, ४ च्या आधी सूट घेऊ नये. घड्याळ नको असेल तर सावली बघा. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तोवर अतिनील किरणं जोरात असतात.

अंगाला गरम लागतं का, यावर भरवसा ठेवू नका. आपल्याला जाणवणारी उष्णता आणि कातडी बिघडवणारी अतिनील किरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पातळ ढगांतून ही किरणं बरीचशी खाली येतात, आणि थंडीत हवा गार असली तरी आपल्या अक्षांशावर दुपारचं ऊन काही कोवळं नसतं. उलट डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असल्यामुळे दक्षिणेकडच्या गॅलरीत ऊन खोल आत येतं आणि मांजर दिवसभर त्यातच पडून राहतं. त्यावर साधा उपाय आहे. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून घराच्या आतल्या कोपऱ्यात मांजराच्या अंथरुणाखाली ठेवा. पाणी हाताला सोसेल इतकंच गरम हवं. दोन-चार दिवसांत मांजर जागा बदलतं.

फ्लॅटमधल्या मांजराचा खरा प्रश्न आहे खिडकीबाहेर काढलेली लोखंडी ग्रिल. कुंड्यांच्या शेजारी, वरून आणि तिन्ही बाजूंनी उघडी, रस्त्यावरच्या कावळ्या-कबुतरांवर नजर ठेवायला याहून चांगली जागा मांजराला सापडत नाही. अतिनील किरणांचे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोचतात: खिडकीच्या काचेत यूव्ही-बी किरणं जवळजवळ अडतात, यूव्ही-ए मात्र बरीच आत येतात. काचेला अतिनील किरणं अडवणारी फिल्म लावता येते, पण सरकती खिडकी अर्धी उघडी असली तर तिचा उपयोग नाही. आणि ग्रिलमध्ये तर काच मांजराच्या मागे राहते.

म्हणून ग्रिललाच सावली करायची. नर्सरीच्या सामानाच्या दुकानात हिरवी शेडनेट मिळते. ती ५०, ७५ किंवा ९० टक्के अशा प्रकारात येते. हा आकडा ती किती ऊन अडवते त्याचा. ‘यूव्ही स्टॅबिलाइज्ड’ असं लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ जाळी उन्हात लवकर कुजत नाही एवढाच, ती जास्त किरणं अडवते असा नाही. इथे हमखास गल्लत होते. ७५ किंवा ९० टक्केवाली घ्या. ५० टक्क्यांची पडून असेल तर दुहेरी लावा, दोन थर मिळून साधारण ७५ टक्के होतात. कापताना चारही बाजूंनी ५ सेंटिमीटर जास्त ठेवा, कड दुमडून दुहेरी करा आणि दर १५ सेंटिमीटरवर केबल टायने ग्रिलला आवळा. एकेरी कडेला टाय लावला तर पहिल्याच वादळी पावसात जाळी तिथून फाटते. टायची कापलेली टोकं बाहेरच्या बाजूला वळवा, नाहीतर मांजराचे डोळे दुखावतील.

जाळी फक्त वर टाकून भागत नाही. सावलीत बसलं तरी मोकळ्या आकाशातून विखुरलेली किरणं बाजूने येतच राहतात. दुपारी त्यांचा वाटा लक्षात घेण्याएवढा मोठा असतो. म्हणून पूर्व-पश्चिमेला जी बाजू उघडी आहे ती झाका, समोरची हवेसाठी मोकळी सोडा. बसायची फळी ग्रिलच्या कडेला नको, खिडकीकडे सरकवा. सूर्य साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारी मुंबई-पुण्याच्या उत्तरेला असतो, त्यामुळे एरवी सावलीतली उत्तरेची खिडकी त्या काळात ऊन खाते. हे डोक्यात ठेवून जागा तपासा.

अंगणात किंवा गच्चीवर राहणाऱ्या कुत्र्यासाठी हीच तपासणी खडूने करता येते. सकाळी १०, दुपारी १ आणि ४ वाजता सावलीची कड जमिनीवर आखा. तिन्ही वेळांना जो तुकडा सावलीत राहतो तीच कुत्र्याची जागा. बहुतेक गच्च्यांवर असा तुकडा निघतच नाही, मग छप्पर वाढवायला हवं. पत्र्याच्या छपराखाली सावली मिळते पण भट्टीही होते. पत्र्याच्या वर फूटभर अंतर सोडून शेडनेट ताणली तर पत्रा बराच थंड राहतो. पाण्याचं भांडं आणि अंथरूण दोन्ही सावलीच्या मध्यावर ठेवा. साखळी बांधत असाल तर तिची लांबी पाण्यापर्यंत आणि सावलीभर पोचते ना, हे तिन्ही वेळांना बघा. समुद्रकिनारी फिरवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं: कोरडी वाळू साधारण १५ टक्के अतिनील किरणं वर परतवते, आणि ती थेट कुत्र्याच्या उघड्या पोटावर जातात.

उन्हाळा आला की लॅब्रेडॉर, गोल्डन, हस्की यांचे केस मुळापासून उतरवायची लाट येते. कृपा करून हे करू नका. केस हीच त्यांची छत्री आहे. गुंता झाला असेल तर विंचरा, आतली मऊ लोकर ब्रशने काढा, कापायचेच असतील तर किमान २.५ सेंटिमीटर ठेवा. हस्कीसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्यांत मुळापासून काढलेले केस कधी महिनोन्‌महिने नीट येतच नाहीत. शस्त्रक्रियेसाठी किंवा सोनोग्राफीसाठी केस काढावे लागले असतील तर ते पुन्हा येईपर्यंत ती जागा उघडी धरा.

गुलाबी पोटाच्या कुत्र्याला कपडा घालायचा तर कोणताही चालत नाही. पातळ पांढरा सुती टी-शर्ट, त्यातही ओला, किरणं बऱ्यापैकी आत सोडतो. कापडावर यूपीएफ ५० लिहिलेलं असेल तर त्यातून पन्नासातला एकच भाग किरणं आत जातात. लहान मुलांचा पोहण्याचा लांब बाह्यांचा शर्ट मध्यम कुत्र्याला छान बसतो. छातीचा घेर मोजून घ्या, डोकं गळ्यातून आणि पुढचे पाय बाह्यांतून काढा, खालची कड कमरेवर गाठ मारून वर घ्या. नर असेल तर ती लिंगाच्या पुढेच संपली पाहिजे, नाहीतर कपडा लघवीने भिजून कातडी कुजते. कपडा फिरण्यापुरता, वीस-तीस मिनिटं. धाप लागली की काढायचा.

सनस्क्रीन शेवटी घेतलं, कारण सावली आणि वेळ यांच्या नंतरच त्याचा नंबर लागतो. मांजर आणि कुत्रा अंगावरचं सगळं चाटतात, म्हणजे लावलेलं मलम पोटात जाणारच. माणसांच्या बऱ्याच सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड असतं, लहान मुलांच्या तर बहुतेकदा. ते पोटात गेलं की उलट्या होतात, आणि रोज थोडं थोडं जात राहिलं तर तांबड्या पेशी फुटून पांडुरोग होऊ शकतो. हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळट आणि लघवी तांबूस दिसली तर तातडीने दवाखाना गाठा. दुसरा गट सॅलिसिलेटचा: ऑक्टिसॅलेट (याचंच दुसरं नाव एथिलहेक्सिल सॅलिसिलेट) आणि होमोसॅलेट. मांजराच्या यकृताला सॅलिसिलेट झपाट्याने बाहेर टाकता येत नाही, म्हणून ही नावं वाचली की ट्यूब परत ठेवा. पाबा (PABA) हा ऊन अडवणारा जुना घटक असलेलंही नको. आणि घरातलं गुलाबी कॅलामाइन, बाळाच्या लंगोटाच्या चट्ट्यांवरचं पांढरं मलम, या दोन्हींत झिंक ऑक्साइड असतं. ‘थंडावा देतं’ म्हणून ती सर्रास चोपडली जातात. खोबरेल तेल ऊन अडवत नाही.

प्राण्यांसाठी बनवलेलं, सुगंध नसलेलं, एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं मलम घ्या, आणि मांजरासाठी घेताना त्यावर मांजराचा उल्लेख आहे ना ते बघा. आधी वाटाण्याच्या पाव भागाएवढं एका कानाच्या पाळीला आतल्या बाजूने लावून दिवसभर वाट पाहा. लाली आली नाही तर दोन्ही कानांच्या बाहेरच्या बाजूला मिळून वाटाण्याएवढं पुरतं. लावल्यावर १५ ते २० मिनिटं ते चाटू देऊ नका. मांजर पंजा ओला करून कान पुसतं, म्हणून तेवढा वेळ दोरीने खेळवा. उन्हात राहणार असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. मांजराच्या नाकावर मात्र ते काही सेकंदही टिकत नाही. तिथे सावली हाच उपाय, असं माझं स्पष्ट मत आहे. नाक गोंदवून घेण्याचाही उपयोग नाही, शाई कातडीच्या खालच्या थरात बसते आणि किरणं वरच्या थराला बाधतात.

आता दिसायला सारखं पण वेगळं. मांजराच्या कानाच्या कडेवर जाड राखाडी खपल्या, प्रचंड खाज, पुढे तोंड-मानेवर पसरणं, घरातल्या माणसाच्या हातावरही बारीक पुरळ, अशी चित्रं खरजेची. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली किडा दिसतो आणि औषधाने ती लवकर बरी होते. नायट्यात केस गोल चकतीत तुटतात. डासांची अ‍ॅलर्जी असलेल्या मांजराच्या नाकावर आणि कानांवर बारीक फोड-खपल्या येतात. जाळीबंद खोलीत ठेवलं की आठवडाभरात फरक पडतो. नाकावर न भरणारा व्रण असलेल्या बोक्याला हात लावताना हातमोजे घाला, कारण त्यातला स्पोरोट्रायकोसिस हा बुरशीचा आजार माणसाला होतो. नसबंदी केलेल्या भटक्या मांजराचा कान सरळ रेषेत कापलेला असतो. ती कड स्वच्छ, भरलेली असते. उन्हाने खाल्लेली कड वेडीवाकडी आणि खपलीची.

कुत्र्याच्या नाकावर निरोगी स्थितीत बारीक फरसबंदीसारखी नक्षी असते. ती पुसट होऊन नाक गुळगुळीत, राखाडी-गुलाबी होऊ लागलं तर ल्युपसची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर उलटण्याच्या आजाराची, शंका घ्यावी लागते. जर्मन शेफर्डमध्ये हे बघायला मिळतं आणि उन्हाने वाढतं. काळ्या लॅब्रेडॉरच्या नखाच्या मुळाशी होणारा कर्करोग किंवा तोंडातला मेलॅनोमा (रंगपेशींचा कर्करोग) यांचा उन्हाशी संबंध नाही, पण नखाजवळची सूज अंगावर काढू नये हे खरंच.

दर महिन्याच्या एक तारखेला दोन्ही कान, नाक, पापण्या आणि पोट यांचे फोटो काढा, शेजारी तेच एक नाणं ठेवून. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी किंवा त्याच जागी परतणारी खपली दिसली की पशुवैद्याकडे. जाण्याआधी हळद किंवा जांभळा फवारा मारू नका, रंगाखाली कडेचा खरा रंग दिसत नाही. दुखत असेल असं वाटून माणसाची गोळीही देऊ नका. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. परदेशात राहणाऱ्यांच्या घरी त्वचेच्या कर्करोगासाठी ५-फ्लुरोयुरेसिलचं मलम असतं. त्याची ट्यूब कुत्र्याने चावली तर ते प्राणघातक ठरू शकतं, म्हणून ती कपाटात बंद ठेवा.

दवाखान्यात नुसती काच खपलीवर टेकवून नमुना घेतला तर बहुधा पू आणि जंतूच दिसतात. खपलीखालचा तुकडा लागतो. ४ ते ६ मिलिमीटरची पंच बायोप्सी (गोल पात्याने काढलेला कातडीचा तुकडा), ती १० टक्के फॉर्मॅलिन या नमुना टिकवणाऱ्या द्रवात, तुकड्याच्या दहापट. जबड्याखालच्या लसिका ग्रंथींचाही नमुना सुईने घ्यायला सांगा. कर्करोग निघाला आणि तो कानापुरता असला तर कानाची पाळी साधारण एक सेंटिमीटर निरोगी भागासह काढतात. ऐकू येण्यात फरक पडत नाही, दहा ते चौदा दिवसांत टाके निघतात, तोवर गळ्यात कोन (जखम खाजवू न देणारी शंकूच्या आकाराची कॉलर) ठेवायचा. नाकावरचा अगदी उथळ, लहान व्रण द्रव नायट्रोजनने गोठवून नष्ट करता येतो. खोल गेलेल्याला मोठी शस्त्रक्रिया लागते, म्हणून नाकाच्या बाबतीत महिनाभराची चालढकल महागात पडते.

एक कान काढल्यावर दुसऱ्याकडे दर तीन महिन्यांनी पशुवैद्याची नजर पडू द्या. त्या कानाने तितकीच वर्षं ऊन खाल्लेलं असतं, आणि शेडनेट, फळी, दुपारची बंद खिडकी हे सगळं त्याच्यासाठी तसंच चालू ठेवायचं असतं.